डाव्या हाताची मूठ

माझा राग गावाला ठाऊक आहे. कुणी पान्यानं खिळा ठोकताना दिसला तरी माझं डोकं फिरतं, आणि एकदा फिरलं की समोर लहान आहे की थोर हे मी बघत नाही. मदिना, माझी बायको, म्हणते की तुमच्या जिभेला लगाम घालणारा अजून जन्माला यायचाय. तिचं खरं असेल. पण जन्मात एकदा जिथं गळा फाडून ओरडायला हवं होतं तिथं मी ओरडलो नाही, आणि दुसऱ्याच्या हातानं त्याची किंमत मोजली. तेच सांगायला बसलोय.

मी गफूर. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होतो. लढाई लागल्यावर लष्कराच्या मोटार वर्कशॉपात भरती झालो आणि तीन हिवाळे क्वेट्ट्याला काढले. तिथं बादलीतलं पाणी सकाळी कुदळीनं फोडावं लागायचं. थंडीत इंजिन कसं उठवायचं हे मी तिथं शिकलो. शिकता शिकताच एका लॉरीचं इंजिन फिरवायचं हँडल उलटलं आणि माझं उजवं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. शेहेचाळीस साली ते वाकडं मनगट घेऊन मी मळवलीला घरी आलो.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर दत्तोबांनी ट्रॅक्टर आणला. दत्तोबा म्हणजे आमच्या गावातले मोठे जमीनवाले. माणूस देवभोळा, पण मनाचा चांगला, गड्यामाणसांवर आवाज न चढवणारा. रेल्वेच्या रुळापासून इंद्रायणीपर्यंत त्यांचा माळ पडीक होता. गवत, करवंदीच्या जाळ्या आणि खाली मुरूम. चार बैली नांगरालाही तो दाद देत नव्हता. लष्करानं विकायला काढलेल्या सामानात त्यांना हा डिझेलचा ट्रॅक्टर मिळाला. मालगाडीतून तो स्टेशनात उतरवला तेव्हा कुरवंड्यापासून माणसं बघायला आली होती. बायकांनी त्याच्या चाकांवर पाणी घातलं. कुणीतरी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

यंत्र कळणारा गावात मी एकटा. पण त्याचं हँडल मारणं माझ्या मनगटाला झेपण्यासारखं नव्हतं. दत्तोबा म्हणाले, ताकदीचा माणूस मी देतो, अक्कल तू दे. आणि त्यांनी अंबाजीभाऊंना माझ्या हाताखाली दिलं.

अंबाजीभाऊ तेव्हा पन्नाशीला आले होते. पस्तीस वर्षं दत्तोबांकडे नांगर धरलेला माणूस. नांगर एकट्यानं खांद्यावर उचलून बांध ओलांडायचे. पण त्यांची गावात किंमत होती ती त्या ताकदीसाठी नव्हे, त्यांच्या मुठीसाठी. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी पालापाचोळ्याचा राब भाजून वाफे तयार केले की पहिली मूठ कुणी टाकायची याला फार महत्त्व. जिथं अंबाजीभाऊंची मूठ पडली तिथं रोप दाट-विरळ झालं नाही, पिवळं पडलं नाही, असं लोक सांगायचे. मी यंत्राचा माणूस, माझा शकुनावर विश्वास कमी. पण त्यांना बी टाकताना मी पाहिलं होतं. उजवी मूठ खांद्यापासून वळायची, बोटं एकामागून एक सुटायची आणि दाणे वाफ्यावर असे पसरायचे की एका दाण्याला दुसऱ्याचा धक्का नाही. मळवलीपासून पार तिकोणा पेठेपर्यंत लोक त्यांना पहिल्या मुठीला बोलवायचे. मुठीमागं नारळ आणि सूपभर तांदूळ मिळायचा. पण नारळासाठी ते जात नव्हते. मूठ टाकायला निघाले की ते धुतलेलं धोतर नेसायचे आणि वाटेत कुणाशी बोलायचे नाहीत.

त्यांना शिकवायला मला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मी त्यांना जितकं बोललो तितकं त्यांच्या बापानंही बोललं नसेल.

"हितं बघा, अंबाजीभाऊ," मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "ह्यो बैल न्हाई. बैल थंडीत कुडकुडतो, पर उठतो. ह्याला उठवायचं तर आदी ह्याचं रगत पातळ कराय लागतं."

मावळात मार्गशीर्षात थंडी कमी नसते. नदीवरून धुकं उठतं आणि नऊ वाजेपर्यंत हलत नाही. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं. तेल घट्ट असलं की हँडल जड फिरतं, इंजिनाच्या बाजूच्या जड चाकाला वेग येत नाही. आणि वेग न येता आत डिझेल पेटलं तर चाक पुढं जायच्या ऐवजी उलटं फिरतं. चाकाबरोबर हँडल उलटं येतं. त्या वेळी त्याच्या वाटेत जे असेल ते मोडतं. माझं मनगट त्यांना दाखवून मी हे समजावलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

म्हणून आमचा रोजचा नेम ठरला. संध्याकाळी काम आटपलं की इंजिन गरम असतानाच तेल डब्यात काढून ठेवायचं. सकाळी तो डबा दत्तोबांच्या अंगणातल्या मोठ्या चुलीवर ठेवायचा. जाळावर नाही, जाळ ओढून घेतल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर. तेल पेटलं तर विझवायला पाणी कामाला येत नाही. हे सगळं रतनबाई सांभाळायच्या. रतनबाई म्हणजे अंबाजीभाऊंच्या घरच्या, दत्तोबांच्या वाड्यात कामाला होत्या. डब्यात बोट बुडवून चटका बसला की तेल तयार. मग ते इंजिनात ओतायचं, पाण्याच्या टाकीत कढत पाणी घालायचं. ट्रॅक्टर सरकू नये म्हणून मागच्या चाकाला दगडाची उटी लावायची. गिअर मोकळा आहे का ते हलवून बघायचं, नाहीतर इंजिन लागल्याबरोबर ट्रॅक्टर समोरच्याच्या अंगावर येतो. धोतराचा सोगा खोचायचा, मुंडाशाचा शेव आत घ्यायचा. फटाक्याच्या दारूत घालतात त्या सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाची सुरळी पेटवायची. ती भडकत नाही, नुसती धुमसते. ती पितळी बोंडात घालून इंजिनाच्या डोक्यात आट्यांवर पिळून बसवायची, म्हणजे आत निखारा तयार. हवेचा खटका वर करून, म्हणजे आत दाब धरत नाही, हँडल फिरवायचं, चाकाला चांगला वेग आला की मी खटका पाडायचा. मग धाड् करून पहिला ठोका.

हे सगळं अंबाजीभाऊ आठ दिवसांत शिकले. अडलं ते हाताशी.

"डाव्या हातानं," मी सांगितलं. "डाव्या बाजूनं वर ओढायचं. उलटलं तर हँडल बोटांतनं निसटून खाली जातं. उजवा घातला तर तुमचा हात त्याच्या फेऱ्यात सापडतो. आणि अंगठा बाहेर. चार बोटांच्याच बाजूला. हँडलला अंगठ्याची मिठी मारायची न्हाई."

अंबाजीभाऊंनी डाव्या हाताकडे पाहिलं.

"गफूर, डावा हात कशाला लागतो ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय. धुवून घ्या आणि हँडल मारा."

ते हसले. पण पहिले दहा दिवस त्यांचा उजवाच हात पुढं यायचा. नांगराचं रुमणं धरून धरून त्या हाताला सवय झाली होती, आणि रुमण्याला तर अंगठ्याची मिठीच लागते. मी ओरडायचो. "अंगठा! अंबाजीभाऊ, अंगठा! तुटला तर पुन्यांदा उगवत न्हाई तो!" एकदा मी त्यांच्या उजव्या हातावर पान्यानं टोला मारला. जोरात नाही, पण मारला. रतनबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी मान फिरवली. अंबाजीभाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांनी हात चोळला आणि म्हणाले, "बराबर हाय. मास्तर मारनारच."

अकराव्या दिवसापासून डावा हात आपोआप पुढं येऊ लागला. अंगठा बाहेर राहू लागला. एका सकाळी धुकं फारच दाट होतं, तेल थोडं घाईनं ओतलं होतं, आणि हँडल उलटलं. डाव्या बोटांतून निसटून ते खाली गेलं. अंबाजीभाऊंच्या हाताला साधं खरचटलंही नाही. ते बराच वेळ हँडलकडे बघत उभे राहिले.

"हेच व्हतं व्हय ते?" ते म्हणाले.

"हेच."

त्या दिवशी घरी जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजवा.

माळ फोडायचा मुहूर्त दत्तोबांनी भटजींकडून काढून आणला. पौष लागायच्या आत, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, सकाळी सव्वासातच्या आत नांगराचं पहिलं तास पडलं पाहिजे. मी म्हणालो, सव्वासातला तर धुकंसुद्धा उठलेलं नसतं, दहा वाजता करू. दत्तोबा शांतपणे म्हणाले, "गफूर, दहाला राहुकाळ हाय का काय हाय ते भटजींनी बघितलंय. तू आदल्या रातीपासनं तयारी कर, पर येळ तीच." यात चुकीचं काय होतं? त्यांची जमीन, त्यांचा देव. मी पहाटे पाचला उठायचं ठरवलं.

पाचला मी तेलाचा डबा घेऊन अंगणात गेलो. चूल शेणानं सारवून कोरडी झाली होती, भोवती रांगोळी होती, आणि झुंबरबाई, दत्तोबांच्या आई, ओलेत्यानं नैवेद्याचं पुरण शिजवत बसल्या होत्या. रतनबाई लांब उभ्या होत्या.

"आज न्हाई, गफूरभाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "आज चुलीवर नैवेद्य हाय. त्येलाचा डबा कसा ठिवायचा?"

मला हे आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. मी अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि गोवऱ्या पेटवल्या. गोवऱ्यांवर दव पडलेलं. अर्धा तास नुसता धूर झाला, डोळे चुरचुरले, निखारा काही पडेना. पावणेसातला डब्यात बोट घातलं. तेल कोमट होतं. लहान पोराला न्हाऊ घालावं इतकं कोमट.

तोवर ट्रॅक्टर माळावर नेऊन उभा केला होता, दोरखंड लावून, बैलांनी ओढत. त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. हँडलला हळद-कुंकू लावलं होतं. साठ-सत्तर माणसं जमली होती, तिकोणा पेठेचे दत्तोबांचे पाहुणेही आले होते. मी तेल ओतलं, कढत पाणी घातलं, उटी लावली, गिअर बघितला. हँडल हातानं एकदा फिरवून पाहिलं. जड होतं.

"दत्तोबा, आजून अर्धा तास थांबायला पायजे," मी म्हणालो. "त्येल तापलं न्हाई."

"मुहूर्त टळतोय, गफूर." ते वैतागून नव्हते बोलत. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. बापाच्या काळापासून पडीक असलेली जमीन फोडायची, आणि वेळ चुकवून फोडायची, या गोष्टीची भीती. "गरम पानी घातलंस न्हवं? लागंल त्ये. देव हाय."

मी कागदाची सुरळी पेटवली आणि आत पिळून बसवली. नारळ फुटला. अंबाजीभाऊ पुढं आले. धुतलेलं धोतर नेसले होते, मुठीला जाताना नेसायचे तेच. त्यांनी सोगा खोचला, शेव आत घेतला आणि डावा हात हँडलला घातला. अंगठा बाहेर होता. मी तो पाहिला.

"अरं अंबाजी," मागून झुंबरबाईंचा आवाज आला, "डावा कसला घालतोस? पहिल्या कामाला?"

गर्दीत कुजबुज झाली. दत्तोबाही म्हणाले, "आजच्या दिस उजवा घाल, अंबाजी. उद्यापासनं काय करायचं ते कर."

अंबाजीभाऊंनी हात काढला नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी खटक्यापाशी उभा होतो. त्यांच्यापासून तीन हात लांब. मी काय म्हणायला हवं होतं ते पंधरा दिवस रोज म्हणत होतो. पान्यानं मारून म्हणत होतो. पण त्या साली पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या दंगलीच्या बातम्या यायच्या. आमच्या गावात मला कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं, देवाशपथ सांगतो. तरी मी जपून राहायचो. पूजेची जागा, देवाचं काम, परगावचे पाहुणे, आणि त्यात मी म्हणायचं की उजवा हात नको, डावाच घाला? मला वाटलं, हे माझं बोलायचं ठिकाण नाही. मला वाटलं, एकदाच तर आहे. एकाच वेळेला कशाला उलटेल.

मी खाली बघितलं.

अंबाजीभाऊंनी डावा हात काढला आणि उजवा घातला. उजव्या हाताला फक्त रुमणं ठाऊक होतं. त्यानं हँडलला अंगठ्याची मिठी मारली. मी ते पाहिलं, आणि तेव्हाही मूग गिळून उभा राहिलो. ते फिरवू लागले. एक फेरा, दोन, तीन. हँडल जड जात होतं, त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. वेग आला नव्हता. दत्तोबा म्हणाले, "पाड, गफूर, येळ झाली." आणि मी खटका पाडला.

ठोका झाला, पण उलटा. हाड मोडल्याचा आवाज मी क्वेट्ट्याला ऐकला होता, म्हणून मला तो ओळखू आला. बाकीच्यांना वाटलं इंजिन लागलं. मागं कुणीतरी टाळी वाजवली.

अंबाजीभाऊ ओरडले नाहीत. ते हँडलसमोर गुडघ्यावर बसले आणि डाव्या हातानं उजवा हात मांडीवर धरून ठेवला. अंगठा मागच्या बाजूला लोंबत होता. हळद-कुंकू त्यांच्या तळव्याला लागलं होतं, त्यामुळं रक्त किती आहे ते कळत नव्हतं. मी खटका वर केला, कागदाचं बोंड काढलं, सगळं जागच्या जागी केलं, आणि मग त्यांच्याकडे गेलो. म्हणजे आधी यंत्र आणि मग माणूस. त्यांचं मुंडासं फाडून मी हाताला पट्ट्या बांधल्या. बैलगाडीतून स्टेशनावर आणि तिथून गाडीनं लोणावळ्याला नेलं. वाटेत ते एकदाच बोलले.

"मुहूर्त टळला काय रं?"

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं. हाताचं हाड दीड महिन्यात जुळलं. अंगठ्याचा सांधा मात्र गेला तो गेलाच. चार बोटं वळायची आणि अंगठा बाजूला ताठ उभा राहायचा. त्या हातात लोटा राहत नव्हता, विळा राहत नव्हता. मूठ वळत नव्हती.

मला कुणीही दोष दिला नाही. हे सहन करायला फार जड गेलं. दत्तोबा अंबाजीभाऊंच्या ओट्यावर येऊन रडले. त्यांचं घर चालेल एवढं धान्य त्यांनी बांधून दिलं, आणि शेवटपर्यंत पोचवलं. गाव म्हणालं, नशीब. झुंबरबाई म्हणाल्या, मुहूर्तच खोटा होता. फक्त रतनबाईंनी एकदा नदीवर धुण्याचं बोचकं खाली ठेवून मला विचारलं, "तुमी तितंच हुता न्हवं, गफूरभाऊ?"

मी व्हय म्हणालो. त्यांनी बोचकं उचललं आणि गेल्या.

त्यानंतर दत्तोबांनी अंगणात तेल तापवायला वेगळी चूल घालून दिली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय? नथू नावाचा गडी हँडलला आला. तो डाव्या हातानं मारायचा आणि कुणी काही म्हणायचं नाही. माळ फुटला, ढेकळं उन्हात तापत पडली. ट्रॅक्टर रोज धडधडत होता, आणि प्रत्येक सकाळी खटका पाडायच्या आधी मी नथूचा अंगठा बघायचो.

वैशाख सरत आला. गावोगाव राब भाजले गेले, वाफ्यांवर काळी राख बसली. पावसाआधी कोरड्या मातीत करायची धूळवाफेची पेरणी जवळ आली तशी मी अंबाजीभाऊंच्या ओट्याकडे बघायचं टाळू लागलो. त्यांना बोलवायला कुणी येत नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण मोडक्या हाताची मूठ कोण मागणार? लोक भिमाजी नावाच्या दुसऱ्या एका नांगऱ्याला बोलावू लागले. अंबाजीभाऊ धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसायचे. सकाळी नेसायचे आणि संध्याकाळी बदलायचे. हे मला मदिनानं सांगितलं. सांगताना तिला रडू आलं.

त्या संध्याकाळी मी गेलो. ते ओट्यावरच होते. मी खाली पायरीवर बसलो.

"अंबाजीभाऊ, उंद्या माज्या वाफ्यात मूठ टाकायला या."

मला नदीकडेला दोन खाचरं आहेत, बापानं ठेवलेली. तेवढ्यापुरतं रोप मी टाकतो.

त्यांनी उजवा हात वर केला. चार बोटं वळली. "कुटनं आणू मूठ?"

"डावी."

"डाव्या हातानं बी टाकत्यात व्हय?" ते हसले नाहीत. "लोक काय म्हनतील तुला? रोप जळलं तर?"

"जळू द्या. वावर माजं हाय."

आतून रतनबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी पाच महिने जे गिळून बसलो होतो ते म्हणालो.

"त्या दिवशी मी बोलाया पायजे व्हतं."

"मी तुज्याकडं बघितलं व्हतं," अंबाजीभाऊ म्हणाले.

"व्हय."

"तू खाली बघितलंस."

"व्हय."

"का?"

"तुमच्या देवाचं काम व्हतं. मला वाटलं, मी मदी कसं बोलू."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पंदरा दिस मला शिव्या घातल्यास. पान्यानं मारलंस. तवा देव नव्हता व्हय तितं? मी कुनाच्या तोंडाकडं बघनार व्हतो, गफूर? दत्तोबाला यंतर कळतं? म्हातारीला कळतं? तू नुसतं न्हाई म्हनला असतास, तर मी सत्तर मानसांत डावा घातला असता."

मी रडलो. पन्नास माणसांवर ओरडणारा माणूस पायरीवर बसून रडतोय हे कुणी बघितलं की नाही मला माहीत नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. थोड्या वेळानं अंबाजीभाऊ म्हणाले, "जा घरी. सकाळी येतो."

सकाळी ते आले. वाटेत कुणाशी बोलले नसावेत. मागं रतनबाई होत्या. मदिनानं आंबेमोहोराचं बी टोपलीत काढून ठेवलं होतं, वर नारळ ठेवला होता. शेजारच्या बांधावर दोघं-तिघं थांबून बघत होते. अंबाजीभाऊंनी वाफ्याला नमस्कार केला. अर्धा हात जुळला, अर्धा नाही. मग त्यांनी डावा हात टोपलीत घातला, मूठ भरली आणि टाकली.

दाणे एका जागी ढिगानं पडले. पुढं हातभर राख कोरडीच राहिली.

"झाक पडलं, भाऊ," मदिना पटकन म्हणाली.

"बरं पडलं की," रतनबाई म्हणाल्या.

अंबाजीभाऊंनी वाफ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माळावर पाहिलं होतं तसंच, तेवढ्याच अंतरावरून.

"कसं पडलं, गफूर?"

मदिनानं माझी बाही ओढली. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिलो.

"वाईट पडलं," मी म्हणालो. "एका जागी ढीग केलाय. दगड मारल्यागत मारताय. खांद्यापासनं वळवा, मनगट आवळू नका, बोटं एकामागं एक सोडा. परत टाका."

अंबाजीभाऊ माझ्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"आत्ता बोललास," ते म्हणाले, आणि त्यांनी डावा हात पुन्हा टोपलीत घातला.

दुसरी मूठही वाईटच पडली. तिसरी जरा बरी. ऊन डोक्यावर येईपर्यंत ते बी टाकत होते आणि मी ओरडत होतो.